लहान कळपासाठी मेंढ्याची जात : आधी गंज मोजा, मग नर निवडा



ज्यांच्याकडे शे-दोनशे मेंढ्यांचा वाडा आहे त्यांच्यासाठी हा लेख नाही. थोडी कोरडवाहू जमीन, एखादी म्हैस आणि जोडीला पंधरा ते पंचवीस मेंढ्या असा प्रपंच असणाऱ्यांसाठी तो लिहिला आहे. पंचवीस-तीस मेंढ्यांना एक नर पुरतो. त्यामुळे आपल्या कळपात एकच मेंढा असतो. म्हणजे दोन वर्षांत जन्मणाऱ्या प्रत्येक कोकराचा निम्मा वारसा त्या एका जनावराकडून येतो. एखादी मेंढी वाईट निघाली तर वर्षाला एखादे कोकरू बिघडते, पण नर चुकला तर सगळे पीक चुकते. त्याच्या लेकी कळपात ठेवल्या असतील तर ती चूक पुढे पाच-सहा वर्षे दावणीला राहते.

मी सस्यशास्त्र शिकवतो आणि चारापिके हा माझा विषय आहे. तरीही शिवारफेरीला गेलो की चाऱ्यापेक्षा जातीचाच प्रश्न जास्त येतो. "सर, माडग्याळी घेऊ का? जुळी देणारा नर कुठं मिळतो?" हे प्रश्न चाऱ्यापासून वेगळे काढता येत नाहीत, हे मला एका चुकीतून कळले. ती आधी सांगतो.

एक चुकलेला सल्ला

२०१७ साली माण तालुक्याच्या पूर्व भागातील एका शेतकऱ्याकडे अठरा दख्खनी मेंढ्या होत्या. वयाने ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, सगळे त्यांना आबा म्हणतात. कोकरे विकताना व्यापारी भाव पाडतो, अंगाने मोठी कोकरे पाहिजेत, अशी त्यांची तक्रार होती. मी नवा होतो. "आबा, माडग्याळी नर घ्या," असे मी सांगून टाकले. त्यांनी एक रेडी विकून नर आणला.

पहिले वर्ष छान गेले. कोकरे उंच निघाली, व्यापाऱ्याने मागच्यापेक्षा बरा भाव दिला आणि मलाही हुरूप आला. आबांनी त्यातल्या सात पाठी कळपात ठेवल्या आणि तेवढ्याच म्हाताऱ्या दख्खनी मेंढ्या काढल्या. मग २०१८ चा पाऊस गेला. २०१९ च्या उन्हाळ्यात जुन्या दख्खनी मेंढ्या वाळल्या, पण तग धरून राहिल्या. त्या सात पाठी मात्र हाडांचा सापळा झाल्या. जूनमध्ये त्यातल्या दोनच माजावर आल्या. बाकीच्या पाच खाटकाला कवडीमोल गेल्या. आबा मला एवढेच म्हणाले, "सर, मेंढा चांगलाच हुता. त्येच्या लेकींना घालाया माझ्याकडं न्हवतं."

त्या वेळी मी त्यांच्या कडब्याची गंज पाहिलीही नव्हती.

आधी गंज मोजा

मेंढीला रोज तिच्या वजनाच्या साडेतीन टक्के कोरडा चारा लागतो असे ढोबळमानाने धरावे. दूध पाजणाऱ्या मेंढीला याहून जास्त लागतो. तीस किलोची मेंढी म्हणजे रोज सुमारे एक किलो. वीस मेंढ्यांना रोज २१ किलो, आणि फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांत सुमारे २,५०० किलो. यातील काही भाग चराईतून येतो. तो किती येतो हे तुमचे शिवार तुम्हालाच सांगेल. अवर्षणप्रवण भागात उन्हाळ्यात मी तो निम्म्याहून जास्त धरत नाही.

आता समजा, मोठ्या जातीचा नर वापरल्यामुळे कळपातील मेंढ्यांचे वजन सरासरी पाच किलोंनी वाढले. वीस मेंढ्यांचे मिळून शंभर किलो, म्हणजे रोजचा साडेतीन किलो जादा चारा आणि १२० दिवसांत ४२० किलो. आकडा लहान वाटतो. पण शिवारातील गवत मेंढीचे वजन पाहून वाढत नाही. चराई आहे तेवढीच राहते आणि हा सगळा जादा चारा घरच्या गंजीतून द्यावा लागतो. कडब्यात थोडा ओलावा धरला तर ४२० किलोंसाठी सुमारे ४७० किलो कडबा पोटात गेला पाहिजे. शिवाय कुट्टी न करता टाकलेल्या कडब्यातील पाने मेंढी खाते आणि जाड ताटे तशीच राहतात. एक तृतीयांश वाया गेला असे धरले तर ७०० किलो कडबा टाकावा लागेल. कोरडवाहू मध्यम जमिनीत हा जवळजवळ अर्ध्या एकराचा कडबा झाला. त्याच जातीचा नर पुन्हा आणला तर पुढच्या पिढीत वजन आणखी वाढते आणि हा हिशेबही त्याबरोबर वाढत जातो.

म्हणून होळीच्या सुमारास दहा पेंड्या तोलून एका पेंडीचे सरासरी वजन काढावे, गंजीतील पेंड्या मोजाव्यात, म्हैस व बैलांचा वाटा वजा करावा आणि मेंढ्यांसाठी काय उरते ते वहीत लिहावे. नुसत्या कडब्यावर मेंढी अंग धरत नाही हेही ध्यानात असू द्यावे. हरभऱ्याचे व तुरीचे भुसकट, बांधावरची शेवरी, सुबाबूळ, पाण्याची थोडी सोय असल्यास दोन-चार गुंठे दशरथ घास यांचीही नोंद करावी. (सुबाबूळ एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त घालू नये, लोकर गळते.)

कोकरू नजरेवर जाते की काट्यावर ?

दुसरी गोष्ट विक्रीची. आपल्याकडे बहुतेक कोकरे तीन-चार महिन्यांची असताना अंगावरून, नजरेच्या अंदाजाने विकली जातात. तिथे उंची, लांब कान आणि रंग यांना पैसे मिळतात. मात्र काट्यावर विक्री असेल तर व्यापाऱ्याला रंगाशी देणेघेणे नसते. तुमची विक्री कशी होते त्यावर नराची किंमत वसूल होणार की नाही हे ठरते.

आपल्याला मात्र घरात एकच माप ठेवायचे आहे : वर्षभरात विकलेल्या सर्व कोकरांचे किलो भागिले कळपातील एकूण मेंढ्या. गाभण न राहिलेली मेंढीही यात धरावी. वीस मेंढ्यांची १८ कोकरे प्रत्येकी १६ किलोंनी गेली तर २८८ किलो, म्हणजे मेंढीमागे १४.४ किलो. कोकरू १९ किलोंचे झाले, पण काही मेंढ्या भाकड राहिल्या, काही कोकरे मेली आणि विकायला १४ च उरली, तर २६६ किलो. कोकरू मोठे दिसले तरी घरात आले कमी. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे स्वतःचे तुम्ही काढावेत.

दख्खनी

दख्खनच्या पठारावरील ही आपली मूळ मेंढी. अंगाने काटक, बहुधा काळी किंवा काळी-पांढरी, लोकर केसाळ व जाडीभरडी. मेंढीचे वजन साधारण २५ ते ३० किलो. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे तिचे स्थानिक प्रकार आपल्या राज्यात ओळखले जातात. रोज दहा-बारा किलोमीटर चालणे, काढणी झालेल्या ज्वारीच्या रानावर पोट भरणे आणि उन्हाळ्यात अंग उतरले तरी पहिल्या पावसाच्या गवतावर पुन्हा माजावर येणे हा तिचा गुण आहे. कोकरू बहुधा एकच देते, पण ते जगवते.

एके काळी या मेंढीला लोकरीसाठी सुधारायचे म्हणून मेरिनो, रॅम्बुलेट अशा परदेशी नरांशी संकर करण्याचे प्रयोग झाले. मेंढपाळाचे पैसे मटणातून येत होते, लोकरीतून नव्हे. आज तर बऱ्याच गावांत कातरणीची मजुरीही लोकरीतून निघत नाही. जे विकून पैसे येतात त्यासाठीच नर निवडायचा असतो, हे त्या प्रयोगांतून शिकण्यासारखे आहे.

दख्खनीला दख्खनीच नर घेण्याला कमीपणा मानू नये. गावोगाव दख्खनी कळपांची जी अवकळा दिसते तिला बऱ्याचदा जात कारणीभूत नसते, नरांची निवड कारणीभूत असते. चांगली वाढलेली नर कोकरे तिसऱ्या महिन्यात व्यापारी घेऊन जातो आणि जे खुरटे कोणी घेत नाही तेच कळपात राहून नर बनते. पिढ्यानपिढ्या आपण अशी उलटी निवड करत आलो आहोत. चांगल्या आईचे, झपाट्याने वाढलेले कोकरू चार पैसे सोडून पैदाशीसाठी राखले तर दख्खनीतही फरक दिसतो.

माडग्याळ

सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील माडग्याळ गावाच्या नावाने ही मेंढी ओळखली जाते. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके किंवा पट्टे, पोपटाच्या चोचीसारखे बाकदार नाक, लांब लोंबते कान, उंच पाय आणि लोकर जवळजवळ नाहीच. नर ५० किलोंच्या वर सहज जातो. कोकरू जन्मतःच दख्खनीपेक्षा वजनदार असते आणि पुढेही वेगाने वाढते. डिसेंबर २०२० मध्ये एका माडग्याळ मेंढ्याला ७० लाखांची मागणी आल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या असतील. तो हौसेचा बाजार आहे. ज्याच्या नाकाच्या बाकाला पैसे मिळतात तो नर वीस मेंढ्यांच्या कळपात खर्च भरून काढीलच असे नाही.

माडग्याळ नर वाईट नाही. विहिरीला उन्हाळ्यात पाणी, बांधावर हिरवा चारा, कुट्टीयंत्र आणि नजरेवर विक्री होणारा जवळचा बाजार असेल तर तो जरूर घ्यावा. मात्र दोन पथ्ये पाळावीत. पहिल्या वेताच्या, लहान चणीच्या पाठीला हा नर लावू नये, कोकराचे डोके व खांदे मोठे असल्याने वितेवेळी अडण्याचा धोका असतो. दुसरे, गंज तोकडी असेल तर त्याची सर्व कोकरे, नर आणि माद्या दोन्ही, विकून टाकावीत, लेकी कळपात ठेवू नयेत. कोकरू तीन-चार महिने आईच्या दुधावर वाढते आणि मोठ्या बापाचा फायदा देऊन जाते. चार वर्षे चारा मागणारी मोठी मेंढी मात्र मागे राहत नाही. आबांना मी हे सांगायला हवे होते.

जुळी देणारा नर : एक मोठा गैरसमज

बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची अगदी लहान चणीची मेंढी आहे. तिला जुळी-तिळी नेहमीची. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात ही मेंढी आणून दख्खनीशी संकर केला आणि पुढे पुन्हा पुन्हा दख्खनी, तसेच कर्नाटकातील बन्नूर रक्त घालून अंगाने दख्खनीसारखी, पण जुळ्यांचा गुण असलेली 'नारी सुवर्णा' मेंढी तयार केली. या गुणामागे फेक-बी नावाचे एकच जनुक आहे. ऑस्ट्रेलियातील बुरूला मेरिनो मेंढीत ते आधी माहीत झाले होते. तिथे ते अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून गेलेल्या मेंढ्यांमार्फत पोहोचले असे मानले जाते. हे जनुक नेमके कोणते हे २००१ मध्ये कळले आणि तेव्हापासून रक्ताच्या तपासणीवरून ते ओळखता येते.

आता गैरसमज. "जुळ्यांचा नर आणला, पण माझ्या मेंढ्यांना एकेकच कोकरू झालं, फसवणूक झाली," अशी तक्रार मी तीन-चार ठिकाणी ऐकली आहे. फसवणूक झालेली नसते. माजाच्या वेळी किती बीजे सुटतात हे मेंढीच्या स्वतःच्या रक्तावर ठरते, नराच्या नव्हे. तुमच्या आजच्या दख्खनी मेंढ्यांना कोणताही नर लावला तरी त्या पूर्वीसारख्याच एकेक कोकरू देणार. जुळी होणार ती त्या नराच्या लेकींना. जूनमध्ये नर सोडला तर नोव्हेंबरात लेकी जन्मतील, दीड वर्षाच्या झाल्यावर त्या फळतील आणि पहिली जुळी नर सोडल्यापासून जवळजवळ अडीच वर्षांनी दिसतील. एवढा धीर नसेल तर नरावर पैसे घालू नयेत. त्यापेक्षा तपासलेल्या दोन-तीन पाठीच विकत घेणे बरे.

प्रत्येक जनावरात हे जनुक दोन जागी बसते, एक आईकडून आलेले आणि एक बापाकडून. नराच्या दोन्ही जागी फेक-बी असेल तर त्याच्या सगळ्या लेकींना एक-एक जनुक मिळते. नराकडे एकच असेल तर सरासरी निम्म्याच लेकींना मिळते. बाहेरून पाहून हे ओळखता येत नाही. "हा जुळ्यातला आहे" एवढ्या तोंडी हमीवर मोठी किंमत देऊ नये, तपासणीचा कागद मागावा.

एक जनुक असलेल्या मेंढ्यांत शंभर वेतांमागे सुमारे चाळीस-पन्नास कोकरे जास्त मिळतात. लहान शेतकऱ्याला हेच प्रमाण झेपते. खरी अडचण पुढे येते. या लेकींना पुन्हा दोन्ही जागी फेक-बी असलेलाच नर लावला, तर नातींपैकी निम्म्यांत दोन-दोन जनुके येतात आणि तिळी होऊ लागतात. मेंढीला सड दोनच. तिसरे कोकरू बाटलीने पाजायला घरात दूध आणि माणूस दोन्ही लागते. म्हणून एका पिढीनंतर साधा, फेक-बी नसलेला चांगला दख्खनी नर लावावा आणि ज्या लेकींना जुळी होतात त्याच ठेवाव्यात.

जुळ्यांची मेंढी आपल्याकडून काही मागते. गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. त्यातल्या शेवटच्या दीड महिन्यात तिला चराईशिवाय रोज २०० ते २५० ग्रॅम खुराक आणि चांगला हिरवा चारा हवा. तो मिळाला नाही तर मेंढी मलूल होऊन खाली बसते आणि पोटातल्या कोकरांसह दगावते. जुळी जन्मतः लहान असतात. पहिल्या तासाभरात दोघांच्याही पोटात चीक गेला पाहिजे आणि थंडीच्या रात्री दोघांना कोरडा आडोसा मिळाला पाहिजे. घरात हे पाहणारे माणूस कोण, हे आधी ठरवावे. माझ्या पाहण्यात जिथे घरच्या बाई मेंढ्या सांभाळतात तिथे जुळी जगतात. जिथे मेंढ्या गड्यावर सोडलेल्या असतात तिथे नारी सुवर्णापेक्षा साधी दख्खनी बरी.

मग कोणता घ्यावा ?

माझे मत सांगतो. गंज मे अखेरपर्यंत पुरत नसेल तर दख्खनी नरच घ्यावा, आणि पैसे जातीवर न घालता चांगला नर शोधण्यावर घालावेत. गंज पुरते, खुराक देता येतो आणि विताना लक्ष द्यायला माणूस आहे, पण चराईचे रान मर्यादित आहे, अशा घरी फेक-बी तपासलेला नर सर्वांत जास्त देऊन जातो. कारण मेंढी मोठी न होता कोकरे वाढतात आणि वर्षभर पोसायची तोंडे तेवढीच राहतात. हिरव्या चाऱ्याची बारमाही सोय असलेल्यांनी माडग्याळकडे वळावे.

अलीकडे दक्षिण आफ्रिकेतील डॉर्पर जातीचे नावही कानावर येते. परदेशी रक्ताचा, वंशावळीचा कागद नसलेला संकरित नर केवळ नावावर विकत घेऊन लहान शेतकऱ्याने प्रयोग करू नये. ते काम संशोधन केंद्रांचे आहे.

एक नर, तीन कळप

दीड वर्षाने नराच्या स्वतःच्या लेकी माजावर येऊ लागतात. बाप-लेकीच्या संबंधातून झालेली कोकरे कमजोर निघतात, जास्त मरतात आणि लपलेले दोष वर येतात. त्यामुळे नर दोन वर्षांनी बदलावा लागतो आणि तेवढ्यात त्याची किंमत वसूल होत नाही. याला उपाय शेजाऱ्यांचा. तीन घरांनी मिळून तीन वेगवेगळ्या, एकमेकांशी नाते नसलेल्या वाड्यांतून तीन नर घ्यावेत. दोन वर्षांनी पहिल्याचा नर दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे आणि तिसऱ्याचा पहिल्याकडे जावा. सहा वर्षांत प्रत्येक नर तिन्ही कळपांतून फिरतो. नर अठरा महिन्यांचा असताना घेतला तर सहा वर्षांच्या फेरीनंतर तो म्हातारा झालेला असतो, म्हणून शेवटच्या दोन वर्षांत त्याच्याकडे वीसपेक्षा जास्त मेंढ्या देऊ नयेत. कोणता नर कोणत्या वर्षी कुठे होता हे तिन्ही घरांच्या वह्यांत लिहिलेले असावे. भाऊबंदकीत तोंडी गोष्टी टिकत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

या पद्धतीत रोगाचा धोका मात्र आहे. गर्भपाताची साथ (ब्रुसेल्लोसिस) असलेल्या कळपातून आलेला नर तो रोग बरोबर आणू शकतो. ज्या कळपात मेंढ्या गाभडल्या आहेत तिथला नर पशुवैद्यकाकडून रक्त तपासल्याशिवाय घेऊ नये. गाभडलेले कोकरू व वार उघड्या हाताने उचलू नये, हा रोग माणसालाही होतो.

आपली नर कोकरे चार-साडेचार महिन्यांची झाली की वेगळी करावीत किंवा खच्ची करावीत. नाहीतर विकत आणलेला नर बाजूला राहतो आणि घरचेच एखादे पोर कळप फळवून मोकळे होते.

नर पाहताना

बाजारात नर उभा असतो तो सजवून. त्याला आधी दहा पावले चालवावे. लंगडत असेल, खूर वाढलेले किंवा सडलेले असतील तर पुढे पाहूच नये. तोंड उघडून दात पाहावेत : आदत असेल तर अजून लहान आहे, दोन दाती म्हणजे साधारण सव्वा ते दीड वर्ष, चार दाती म्हणजे दोन वर्षांच्या आसपास. दोन किंवा चार दाती नर घ्यावा. खालचे दात वरच्या हिरडीवर बरोबर टेकले पाहिजेत. जबडा पुढे-मागे असलेला नर आखूड गवत नीट खाऊ शकत नाही आणि तो दोष कोकरांतही उतरतो. खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा. लालसर असेल तर ठीक, पांढुरकी असेल तर पोटात जंत आहेत.

मग मागे बसून दोन्ही वृषणे हातात घ्यावीत. बरेच जण इथे संकोचतात, पण पैसे याच गोष्टीचे देतो आहोत. दोन्ही सारख्या आकाराची, घट्ट पण लवचिक आणि पिशवीत मोकळी हलणारी हवीत. एकच खाली उतरलेले असेल, खालच्या टोकाला गाठ लागत असेल, हात लावताच नर कळवळत असेल तर तो सोडून द्यावा. नराची आई पाहता आली तर फार उत्तम. कोणत्या वयाला व्याली, किती कोकरे जगवली, उन्हाळ्यात कशी होती हे विचारावे. त्यासाठी बाजारापेक्षा मेंढपाळाच्या वाड्यावर जाऊन नर घेणे केव्हाही चांगले. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची रांजणी, महूद, दहिवडी येथे प्रक्षेत्रे आहेत, तिथेही पैदाशीच्या नरांची चौकशी करावी. शासनाच्या महामेष योजनेत २० मेंढ्या व १ मेंढानर असा गट दिला जातो. अर्जाच्या चालू वर्षातील अटी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचाराव्यात.

दूध, अंडी आणि पेंड चारून जत्रेसाठी थुलथुलीत केलेला नर कळपात आला की महिनाभरात ढासळतो. पाठीच्या कण्यावरून हात फिरवला तर हाडे बोटांना लागावीत पण टोचू नयेत, असा नर कामाचा.

सोडण्यापूर्वी

घरी आणल्यावर नर तीन आठवडे कळपापासून वेगळा बांधावा. या काळात जंताचे औषध, गोचिडांचा बंदोबस्त आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आंत्रविषार, पीपीआर यांच्या लसी पूर्ण कराव्यात. नराचे बीज तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात. आज आलेला ताप किंवा आजची उपासमार दीड महिन्याने भाकड मेंढ्यांच्या रूपाने दिसते. म्हणून कळपात सोडण्याच्या दोन महिने आधीपासून रोज २५० ग्रॅम भरडा सुरू करावा आणि एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी नर सावलीत ठेवावा. फार तापलेल्या नराचे बीज कमजोर होते.

सोडताना नराच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावावा. ज्या मेंढीवर तो चढला तिच्या पाठीवर खूण दिसते. मेंढी १७ दिवसांनी पुन्हा माजावर येते, म्हणून सतराव्या दिवशी रंग बदलून निळा करावा. लाल खुणेच्या बऱ्याच मेंढ्यांवर पुन्हा निळी खूण दिसू लागली तर दोष बहुधा नरात आहे. वेळीच दुसरा नर मागून आणता येतो, वर्ष वाया जात नाही.

जूनच्या पावसानंतर फळलेल्या मेंढ्या नोव्हेंबर-डिसेंबरात वितात. त्या वेळी शेतात धसकटे, भुसकट आणि हिरवा पाला असतो, जमीनही कोरडी असते. जानेवारीत फळलेल्या मेंढ्या ऐन पावसात वितात आणि ओल्या वाड्यात कोकरे जातात. तेव्हा मृगाच्या पावसात नर सोडायचा असेल तर तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घरी आलेला हवा. त्याआधी मार्चमध्ये तो पाहायला निघायचे, आणि निघण्यापूर्वी गंजीतल्या पेंड्या मोजून तो आकडा वहीत लिहून बरोबर न्यायचा.